गात गात आत या

म्हातारी माणसं काहीबाही बोलतात आणि तरुण माणसं घाईत असतात, यावर समाजाची घडी बसलेली आहे. माझी आजी रॅग्नहिल्ड एकदा म्हणाली, "अगं, इथे सगळे गात गात येतात. गाणाऱ्यांपासून जपून राहा." मी तेव्हा लेकीच्या हातात मोजे चढवत होते (तिला सर्दी होईल या धास्तीने मी ऑगस्टपासून धड झोपलेले नाही). म्हटलं, "बरंय की गं, करमणूक होते!"

आजी इथेच, अमेरिकेतल्या मिनेसोटात, 'शांत सरोवर' वृद्धनिवासात राहते. आमच्या राज्याचा कायदा कडक. रहिवाशाचा छळ होताना कर्मचाऱ्याने पाहिलं, की ताबडतोब कळवायचं. न कळवल्यास शिक्षा.

संचालिका लिंडक्विस्टबाईंनी या कायद्यावर सखोल चिंतन केलं. पाहिलं तर कळवावं लागतं. सबब, न पाहणं हेच कायद्याचं निर्दोष पालन. म्हणून नियम झाला: खोलीत शिरण्याआधी कॉरिडॉरच्या टोकापासून खड्या आवाजात गावं. (बेसूर चालेल, हळू चालणार नाही.) आतल्याला आवरायला वेळ मिळतो, बाहेरच्याचं मन निर्मळ राहतं. नर्सेस नाताळची गाणी गात, सफाईवाले पोल्काची नाचगाणी. दातांच्या डॉक्टरांना शिट्टीची सवलत होती. वर्षभरात छळाच्या तक्रारी शून्यावर आल्या, घसादुखीच्या तिप्पट झाल्या. वृद्धनिवासांच्या संघाने ढाल दिली. त्या आनंदात सर्वांना बटाट्याचं हॉटडिश (खिमा-बटाट्याचा इथला भट्टीतला पदार्थ) मिळालं.

जानेवारीत मी गेले, तेव्हा रिवाजाप्रमाणे बर्फाचे बूट दारात काढले. लेक खांद्यावर नुकती झोपली होती. झोपलेलं मूल घेऊन गाणारी आई अजून जन्मायची आहे. मी मोज्यांवर, निःशब्द, आजीच्या खोलीत शिरले.

डुएन नावाचा सेवक आजीचं मनगट पिरगाळून तिच्या तोंडात चमचा कोंबत होता.

"अहो," तो दुखावून म्हणाला, "तुम्ही गायला नाहीत!"

"बघ," आजी तोंड पुसत म्हणाली. "सांगत होते ना?"

लिंडक्विस्टबाईंनी मला हॉटडिश वाढलं. "एवढासा नियम हो. पाळला असतात तर तुम्हाला काही दिसलंच नसतं. किती हा मनस्ताप तुम्हाला!"

मी घास न घेता राज्याच्या छळ-तक्रार कक्षाला फोन लावला.

"तुम्ही तिथे नोकरीला?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"नाही."

"नर्स? डॉक्टर?"

"नात."

"म्हणजे तुमच्यावर कायद्याचं बंधन नाही. नोंदीपुरतं विचारते, मग फोन का केलात?"

"गायचं राहिलं म्हणून."

तपासनीसबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. मी त्यांना बूट काढायला लावले. डुएन आता तिथे नाही, ढालही नाही. आजीचं मनगट निळ्याचं पिवळं झालंय, म्हणजे बरं होतंय.

तुमच्यावरही कायद्याचं बंधन नाही, ठाऊक आहे मला. तरी तुमचं जे कुणी अशा जागी आहे, त्याला आज जरा बघून याल? तुमची नेहमीची पद्धत मात्र नको: "येतोय हं!" असा आधी फोन करायची. तेही गाणंच आहे.