छगनभाऊ नवी आणतात

“कॉम्प्युटर म्हणजे मिक्सरचा मोठा भाऊ! त्याला मिस्त्री कशाला लागतो?” असं छगनभाऊ जळगावातल्या आपल्या गल्लीत छातीठोकपणे सांगत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. सत्त्याण्णव साल, लग्नसराई तोंडावर, आणि जुन्या कॉम्प्युटरमध्ये गणपतींच्या चित्रांना जागा उरलेली नाही! भाऊंनी मोठी हार्ड डिस्क आणून स्वतःच बसवली. कॉम्प्युटर तिला ओळखच देईना!

शेवटी त्यांनी धुळ्याच्या हबीब मिस्त्रीला फोन लावला.

“शेठ, आतली बायोस जुनी असेल,” हबीब म्हणाला. “मशीन चालू झालं की आधी तीच जागी होते. तिला नव्या डिस्क समजत नाहीत. फ्लॉपी पाठवतो, नवी बायोस टाका. पण मधेच लाइट गेली तर मशीन मेलंच समजा!”

लाइन खराब होती. भाऊ ओरडू लागले, “हो, जुनीच आहे! तिला नवं काही कळतच नाही! काढून टाकतो! तू नवी लवकर पाठव!”

स्वयंपाकघरात इंदिराबाईंचं लाटणं थांबलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती! त्यांनी तडक दोंडाईच्याला भावाकडे निरोप धाडला.

एसटीने फ्लॉपी आली. भाऊंनी ती घातली आणि ते पडद्याकडे बघत बसले. तेवढ्यात दारात मेहुणा वना उभा! दाराएवढाच रुंद.

“दाजी, मन्ही बहीण जुनी व्हयनी का तुमले?”

“थांबा हो!” भाऊंनी मानही वळवली नाही. “जुनी निघालीय, नवी अर्धी आत आलीय. पाच मिनिटांत उरकतं!”

वनाने पलंगाखाली वाकून पाहिलं. “कोठे शे ती?”

“या डब्यात!”

दाजींच्या डोक्यावर परिणाम झालाय, अशी वनाची खात्री पटली. त्यांना सावरायला तो धावला, पाय वायरीत अडकला आणि प्लग बाहेर! पडदा काळाठिक्कर!

“मेली!” भाऊ किंचाळले.

“कोण मेली?” इंदिराबाई धावत बाहेर आल्या.

सगळा उलगडा व्हायला तासभर लागला. दुसऱ्या दिवशी हबीब नवी बायोस भरलेली चिप घेऊन आला. त्याने झाकण काढून ती बसवली. मशीन सुरू झालं. डिस्क मात्र अजूनही गायब!

हबीबने आत टॉर्च मारला आणि हळूच म्हणाला, “शेठ, डिस्कला करंटची वायर लावलेलीच नाही.”

खट्! वायर बसली, डिस्क दिसली.

“म्हणजे... जुनीलाही दिसली असती?” भाऊंनी चाचरत विचारलं.

“असती कदाचित.” हबीबला भाऊंची दया आली. “पण शेठ, झाकणाचे स्क्रू मात्र फार छान आवळले होते!”