जयश्रीचा सगळ्यात वरचा थर

वैशाखरे गावच्या जयश्री विशे यांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता! हे आमचं मत नव्हे, खुद्द जयश्रीबाईंचं; आणि ते त्या दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवत. कंडक्टरने तिकीट दिलं की ते उजेडात धरून वाचत. भाजीवालीने चार मिरच्या वर टाकल्या, तर 'आज फुकट देते म्हणजे खालची मेथी सडकी असणार' म्हणून जुडी सोडायला लावत. नवरा सुरेंद्र लवकर घरी आला तर 'का आला?' आणि उशिरा आला तर 'कुठे होता?' बिचाऱ्याला वेळेवर यायची भीती वाटायची, कारण मग 'आज बरोब्बर वेळेवर कसा?'

अशा बाईने धाकट्या जावेबरोबर, छायाबरोबर, भागीत खानावळ काढली हेच मुळात नवल. माळशेजच्या रस्त्याला घर, अंगणात मांडव, चुलीवरचं जेवण. दोघींनी दहा वर्षं मुरबाडच्या एका कंपनीत पॅकिंग केलं होतं. उभं राहून राहून पाय सुजायचे. खानावळ चालली तर कंपनी कायमची सुटणार होती, आणि पहिलंच मोठं गिऱ्हाईक दारात उभं होतं! कल्याणच्या रुपा मॅडम आणि त्यांच्या महिला मंडळाच्या चाळीस बायका. मॅडम छायाला फोनवर म्हणाल्या, "तुमची वेबसाइट बघते, मैत्रिणींना दाखवते आणि शुक्रवारपर्यंत नक्की कळवते. रविवारचं जेवण आवडलं तर दर महिन्याला येऊ."

वेबसाइट केली होती आदेशने. हा शहापूरला दुकान थाटून लोकांच्या वेबसाइटी करून देई. मुलगा हुशार, कामाला चोख. पण होता छायाचा सख्खा भाचा, आणि इथेच माशी शिंकली.

आदेश लॅपटॉप घेऊन आला आणि ओटीवर बसून समजावू लागला. "काकी, हे पान म्हणजे अंथरूण समजा. खाली चटई, वर गोधडी, त्यावर चादर. तसे इथे थर. फोटो, अक्षरं, बटण, सगळ्याला एकेक आकडा दिलाय. ज्याचा आकडा मोठा, तो वर. हे वरचं झेंडूचं तोरण बघा. याला मी लाखाचा आकडा दिलाय, काय झालं तरी झाकलं जाणार नाय!"

पान होतं देखणं. वर तोरण, मग 'जाऊबाईंची चूल' हे नाव, मधोमध हात जोडलेल्या दोघी जावा, त्यांच्याखाली फोन नंबर आणि बुकिंगचं बटण. तळाला चुलीचा हलणारा जाळ आणि 'आपले नम्र, समस्त विशे परिवार'.

"दोघींच्या फोनात सोय करून देतो," आदेश म्हणाला, "रोजचा मेनू बदलता यावा म्हणून. फक्त थरांना हात लावू नका."

'का बरं हात लावू नका?' जयश्रीबाईंच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

दुपारी त्यांनी आपल्या फोनवर पान उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांत अंगार फुलला. छायाचा खांदा त्यांच्या कोपरावर आला होता! दोन फोटो शेजारी शेजारी, पण छायाचा वर आणि थोरल्या जावेचा खाली. कोपर गायब, निम्मी पाटली गायब!

"आज कोपर झाकलंन, उद्या तोंड झाकेल," त्या सुरेंद्रला म्हणाल्या.

"अगो, इतकुसा तर खांदा हाय!"

"तुमी कोणाच्या बाजूचे?"

सुरेंद्र गुपचूप बैलांना पाणी दाखवायला गेला.

जयश्रीबाईंनी आतली सोय उघडली. छायाच्या फोटोचा आकडा पाच, यांचा चार. 'अस्सं!' त्यांनी चाराचे सहा केले, 'जतन करा' दाबलं आणि पान पुन्हा उघडलं. खांदा तिथेच! म्हणजे तिकडून छायाने वाढवला असणार. त्यांनी सहाचे साठ केले. खांदा हलेना! मांडवाच्या कोपऱ्यात छाया फोनमध्ये बघून हसत होती. हसते काय भवाने! साठाचे सहाशे झाले. छायाचा आकडा तपासला, तर तो आपला पाचच. दुसरी एखादी बाई तिथे थांबली असती. जयश्रीबाई म्हणाल्या, "पाच दाखवतेय म्हणजे खरा आकडा लपवून ठेवलान!"

गुरुवारपर्यंत सहाशेचे नव्व्याण्णव हजार झाले. तरी त्यांच्या फोनवर छायाचा खांदा कोपरावर ठाण मांडून! शेवटी त्यांना आकड्याच्या खाली 'रुंदी' नावाची एक पट्टी दिसली. त्यांनी ती बोटाने धरली आणि जितकी जाईल तितकी उजवीकडे ओढली. मग पदर खोचून भाकऱ्या थापायला बसल्या.

शुक्रवार आला. रुपा मॅडमचा फोन नाही. संध्याकाळ झाली, तरी नाही.

"तूच नको म्हणून कळवलंस की काय?" जयश्रीबाईंनी विचारलं.

"मी कशाला कळवू, ताई? मला परत कंपनीत उभं राहायची हौस हाय?" छाया रडकुंडीला आली होती. जयश्रीबाईंना तेही नाटकच वाटलं.

शनिवारी सकाळी दारात जीप थांबली. जयश्रीबाई फुंकणी घेऊन चुलीपुढे होत्या. बाहेरून आवाज आला, "अगो माझी बाय गो! कशी गेलीस गो सोडून!"

टोकावड्याची सकुबाई मामी! मागे कोंडूमामा डोळ्यांना टॉवेल लावून. मामी ऊर बडवत आत आली, छायाच्या गळ्यात पडली आणि तिच्या खांद्यावरून तिला चुलीपुढची जयश्री दिसली.

"आयो! ही तर जिती हाय!" असं ओरडून मामी भुईवर बसली.

"मला काय झालंय?" जयश्रीबाई फुंकणी उगारून म्हणाल्या. "आणि हे तुमाला कोणी सांगितलं? छायाने ना?"

"कोणी कशाला सांगाया पायजे? ग्रुपवर आलंय सगळ्या नातेवाइकांत!" कोंडूमामाने फोन पुढे केला.

फोनवर काठोकाठ फक्त जयश्रीबाई होत्या. छाया नाही, खानावळीचं नाव नाही, नंबर नाही, बुकिंगचं बटण नाही. सगळ्यावर जयश्रीबाई! त्यांच्याही वर एकच गोष्ट उरली होती, ते लाखाचं तोरण. ते आता कपाळावरून दोन्ही खांद्यांवर असं काही रुळत होतं, की नाक्यावरच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर हारसुद्धा इतका नीट बसत नाही. हात जोडलेले. फोटोखाली तळाला चुलीचा जाळ, ज्योतीसारखा मंद हलणारा. आणि त्याखाली, 'समस्त विशे परिवार'.

"आमी म्हटलं हसतमुख गेली," मामी नाक पुसत म्हणाली.

छायाने आदेशला बोलावून घेतलं. तो मोटारसायकल हाणत शहापूरहून आला, पान बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"हिनेच केलंय!" जयश्रीबाई छायाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मी बदलायची, ही परत फिरवायची. माझ्या फोनात बघ, अजून हिचाच खांदा वर!"

"काकी, तुमच्या फोनाने पहिल्या दिवसाचं पान साठवून ठेवलंय. तुमाला तेच जुनं दिसतंय. बाकी सगळ्या दुनियेला नवं दिसतंय." मग त्याने कोणी कधी काय बदललं त्याची यादी काढली आणि मोठ्याने वाचली. "जयश्री. जयश्री. जयश्री. जयश्री…"

"पुरे!" जयश्रीबाई म्हणाल्या. "छाया किती वेळा?"

"आत्याने एकदाही उघडलं नाय."

पण हार मानतील त्या जयश्रीबाई कसल्या! "मग पहिल्या दिवशी हिचा खांदा माझ्यावर आला कसा? आपोआप?"

"आत्यानेच सांगितलेलं, माझा खांदा पुढे घे म्हणून."

"बघा! मी काय म्हणत होते!"

छाया खाली मान घालून म्हणाली, "ताई, फोटोच्या दिवशी तुमी चुलीवरून तशाच उठलात. पदराला कोपराशी काजळी लागलेली, जरा फाटलेलाही होता. परत काढू म्हटलं, तर म्हणालात, 'दुसऱ्यांदा कशाला, पहिल्यात काय घोळ घातलास?' मग मी आदेशला म्हटलं, तेवढंच माझ्या खांद्याने झाक. शहरातल्या बायका बघतील, आमच्या ताईला हसायला नकोत."

सगळ्यांनी पुन्हा मामाच्या फोनात बघितलं. काजळी चांगली पुरीएवढी दिसत होती, फाटका पदरही. जयश्रीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा वर्षं हीच छाया कंपनीत त्यांच्या शेजारी उभी होती. पाय सुजले की आपल्या खोक्यावर त्यांना बसवायची. त्यांचे डोळे भरून आले. "छाया," त्या म्हणाल्या, "चुकले गो मी," आणि लगेच धुराच्या नावाने डोळे पुसले.

आदेशने तिथल्या तिथे पान जागेवर आणलं. रुपा मॅडमना फोन करायला जयश्रीबाई स्वतः पुढे झाल्या. "मीच घाण केली, मीच निस्तरते. नमस्कार मॅडम, मी जयश्री विशे बोलते, वैशाखऱ्याहून!"

"कोण?"

"जयश्री! ती हारातली!"

पलीकडून एक बारीकशी किंकाळी आली आणि फोन बंद.

मग छायाने लावला. "मॅडम, ऐकून तरी घ्या! ताई धडधाकट हायत!"

"अहो, मैत्रिणींना पान दाखवलं तर हा प्रकार!" मॅडम म्हणाल्या. "सुतकाच्या घरात कुठे चाळीस पानांचा स्वयंपाक सांगायचा? उद्याचं आम्ही दुसरीकडे ठरवलं. पुढच्या रविवारी मात्र येतो, पण त्या बाई खरंच आहेत ना?"

पुढच्या रविवारी चाळीसजणी आल्या. मांडव भरला. पिठलं, भाकरी, ठेचा, सगळं दोनदा मागून घेतलं. जाताना मॅडमनी पुढच्या महिन्याची तारीखही सांगून टाकली. मुरबाडची कंपनी कायमची सुटली! फक्त एक म्हातारी बाई जेवताना सारखी जयश्रीबाईंकडे टकमक बघत होती. भाकरी वाढायला त्या जवळ गेल्या, तशी तिने हळूच विचारलं, "राग मानू नका हं, पण मोबाइलवर हार घातलेला फोटो बघितला होता. अगदी तुमच्यासारख्याच होत्या. कोण हो त्या?"

छायाने तोंडात पदर कोंबला. आता एवढ्या बायकांपुढे थर, आकडे आणि काजळी कोण समजावत बसणार! जयश्रीबाईंनी भाकरी वाढली, चेहरा पाडला आणि म्हणाल्या, "जुळी बहीण होती माझी. गेली बिचारी. फार संशयी होती."