दोन बँडवाला जावई

मोबाइल नुसता हातात घेऊन तो कुठल्या देशात चालेल आणि कुठल्या देशात मुका होईल, हे सांगू शकणारा मराठी माणूस २००३ साली सबंध ऑकलंडमध्ये एकच होता. मी!

यात बढाई नाही. सँडरिंगहॅमच्या वाणसामानाच्या दुकानात मी तूरडाळ निवडत असलो, तरी लोक मला गाठून खिशातून फोन काढायचे, डॉक्टरला जीभ काढून दाखवावी तसे. "ऋतुराज, पुण्याहून आणलाय, चालेल का रे?" मी मॉडेल बघायचो, डोळे बारीक करायचो आणि निकाल द्यायचो. एका मोबाइल कंपनीत नेटवर्क इंजिनिअर होतो ना!

भानगड अगदी सोपी असते. मोबाइलचे सिग्नल हवेतल्या लहरींवरून येतात. त्या लहरींच्या ठरलेल्या पट्ट्याला आमच्या धंद्यात बँड म्हणतात. आमच्या कंपनीचे बँड दोन, नऊशे आणि अठराशे. भारतातही हेच. फोनमध्ये दोन्ही असले तर तो ड्युअल बँड. अमेरिकेचा तिसराही असला तर ट्राय बँड. शेंबड्या पोरालाही कळेल!

पण माझे होणारे सासरे शेंबडं पोर नव्हते. ते निवृत्त मुख्याध्यापक होते.

देवयानी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट. आमचं जमलं, घरी कळवलं आणि सांगलीहून तिचे वडील मोरेश्वरराव, म्हणजे अख्ख्या सांगलीचे 'सर', यांनी एकच अट घातली. लग्न साधं. बँड नाही, वरात नाही. सरांनी उभ्या आयुष्यात लग्नातल्या डामडौलाविरुद्ध भाषणं दिली होती. ज्या लग्नात बँड वाजे तिथे ते अक्षता टाकत आणि पाणीही न पिता घरी येत. मी म्हटलं, मान्य! मला तर बँडच्या पुढे नाचताही येत नाही. सर खूश झाले. लग्न ऑकलंडमध्येच ठरलं, सर आणि देवयानीची आई आशालताबाई यांची तिकिटं निघाली.

मग देवयानी म्हणाली, "अरे, बाबा त्यांचा फोन घेऊन येणार म्हणतायत. इथे चालेल का, तेवढं विचारून घे ना. तुझाच विषय आहे."

माझाच विषय! मी कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या सटरफटर वस्तूंच्या दुकानातून, फोनकार्ड आणलं आणि सांगलीला फोन लावला. त्या कार्डाची खासियत अशी, की आपण बोललेलं पलीकडे थांबत थांबत पोचायचं आणि अधलेमधले शब्द वाटेत समुद्रात पडायचे.

"नमस्कार सर! ऋतुराज बोलतोय. फोनबद्दल बोलायचं होतं."

"फोनवरच बोलताय की. बोला!"

"तुमचा बँड कोणता?"

पलीकडे शांतता. मला वाटलं, कार्डाची कृपा.

"आमचा... बँड?"

"हो! निघायच्या आधी बँड नको का बघायला? बँड जुळला नाही तर इथे येऊन सगळं मुकंच की!"

"ऋतुराजराव, हे देवयानीला माहीत आहे?"

"तिनेच तर विचारायला सांगितलं!"

मी आपला उत्साहाने पुढे. "सिंगल बँड असेल तर पंचाईत होईल हं सर. निदान ड्युअल तरी हवा."

"ड्युअल म्हणजे... दोन?"

"दोन! नऊशे आणि अठराशे."

"अठराशे?" सरांचा आवाज चिरकला. "अहो, आपले एवढे लोक आहेत तिथे?"

मला वाटलं, सर आमच्या ग्राहकांची चौकशी करतायत. मी अभिमानाने म्हटलं, "लोक काय, वाढतच चाललेत! म्हणून तर शहरात अठराशेची सोय केली. बाहेर खेड्यापाड्यात गेलं की नऊशेवर भागतं."

"खेड्यापाड्यातही जायचंय?"

"म्हणजे काय! सगळा देश फिरवायचाय! आणि तीन असतील तर काय, दुधात साखर. पुढेमागे अमेरिकेत वाजवता येईल!"

सर म्हणाले, "बघतो. आमच्या ऐपतीप्रमाणे जमवतो." आणि फोन ठेवला.

ऐपतीप्रमाणे? मी देवयानीला सांगितलं, "बहुतेक नवा हँडसेट घेतायत. किती सज्जन माणूस!"

पुढच्या आठवड्यात देवयानी जरा कोड्यात पडली होती. "बाबा हल्ली घासभर जेवतात म्हणे. आणि मला विचारत होते, हा माणूस पहिल्यापासून असाच आहे का?"

मी खूश. "मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं. पहिल्यापासून असाच आहे."

तिला बिचारीला वाटलं, सर माझ्या तंत्रज्ञानाच्या प्रेमाबद्दल बोलतायत. मलाही तसंच वाटलं. सांगलीत मात्र, हे मला फार नंतर कळलं, सर जिन्यात बसून आशालताबाईंना म्हणत होते, "मुलीचा जीव जडलाय. नाही म्हटलं तर ती कोमेजेल. हो म्हटलं तर मी तोंड कुठे लपवू? तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिकडे जाऊन मी स्वतःच काय तो निकाल लावतो."

थोड्या दिवसांनी सरांचाच फोन आला. आवाज अगदी कोरडा.

"ते दोन्ही इथूनच आणायला हवेत का? तिकडे मिळत नाहीत?"

मला वाटलं, दोघांसाठी दोन हँडसेट. मी म्हटलं, "मिळतात की! विकत कशाला, भाड्याने मिळतात. थेट विमानतळावर!"

"विमानतळावर?"

"हो! तुम्ही उतरलात की लगेच वाजायला लागेल! सगळ्या ऑकलंडला कळेल, सर आले!"

"वा," सर म्हणाले. एवढंच. त्या 'वा'मध्ये शाळेतल्या तीन पिढ्यांनी खाल्लेल्या छड्या होत्या, पण माझ्या कार्डाने त्यातली एकही माझ्यापर्यंत पोचू दिली नाही.

आणि तो दिवस उजाडला. देवयानी आणि मी विमानतळावर गेलो. माझ्या हातात फुलांचा गुच्छ आणि खिशात सरांसाठी नवंकोरं सिमकार्ड. बाहेर येण्याच्या दारापाशी ही गर्दी! उजव्या हाताला चौकड्यांचे घागरे नेसलेले, गुडघ्यापर्यंत मोजे चढवलेले धिप्पाड गोरे, काखेत बॅगपाइप. डाव्या हाताला शाळेच्या गणवेशातली मुलंमुली, गळ्यात तुताऱ्या, ट्रॉम्बोन आणि एक ढोल, जो मागच्या मुलीपेक्षा मोठा होता.

मी देवयानीला म्हटलं, "कुठलीतरी रग्बीची टीम येतेय वाटतं!"

तेवढ्यात एक सावळा, रापलेला गृहस्थ मिठी मारायच्या बेताने माझ्याकडे धावला. "तुम्हीच ऋतुराज ना? मी हरीश! सरांचा विद्यार्थी. इथून जवळच, पुकेकोहे गावी भाजीच्या पॅकहाऊसमध्ये मॅनेजर आहे. सरांनी ईमेल केली, दोन बँड हवेत, विमानतळावर, आणि वरातीला माणसं अठराशे. आता आपल्याकडचा बँड मला इथे कुठे मिळणार? म्हणून आमच्या गावचा पाइप बँड आणला आणि हा आमच्या मुलीच्या शाळेचा ब्रास बँड. आणि काळजी करू नका, अठराशे पानांच्या हिशोबाने फ्लॉवर काढलाय. बाहेर ट्रकमध्ये आहे!"

"फ्लॉवर?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"हेप्स! म्हणजे ढीगभर! उरला तर लोणचं घालू."

घागरेवाल्यांचा म्होरक्या पुढे आला, त्याने माझा हात खांद्यापासून हलवला. "किआ ओरा, मेट!" हा इथला माओरी नमस्कार. "नवरा तूच ना? स्वीट ॲज! झकास!"

देवयानीने माझ्याकडे पाहिलं. "ऋतुराज, हे काय आहे?" मी तोंड उघडणार, तोच दार सरकलं आणि सामानाची गाडी ढकलत सर बाहेर आले. हरीशने हात वर केला आणि दोन्ही बँड एकदम सुटले!

आणि एकाच चालीवर नव्हे! पाइपवाले लढाईला निघाले होते आणि शाळेची मुलं वाढदिवस साजरा करत होती. छताचे पत्रे थरथरले. एक लहान मूल रडायला लागलं, त्याला समजावता समजावता त्याची आजीही रडायला लागली. पिवळं जाकीट घातलेला विमानतळाचा माणूस दोन्ही हात हलवत धावत आला, तर ढोलवालीला वाटलं, तो ताल देतोय. तिने जोर वाढवला.

या सगळ्यातून सर शांतपणे चालत आले. मागे डोळे पुसत आशालताबाई. सर माझ्यासमोर उभे राहिले आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज त्यांनी लावला.

"घ्या तुमचे दोन बँड! आणखी काय काय मागायचं राहिलंय, तेही सांगून टाका. देवयानी, ऐक. ज्याने शब्द दिला, तोच नंतर फोन करून दोन बँड आणि अठराशे माणसांची वरात मागतो, त्याच्या घरी तू सुखात राहशील असं तुला वाटतं? तू हो म्हणालीस तर मी अक्षता टाकीन. पण आमच्याबरोबर परत चल, एवढंच माझं सांगणं आहे!"

देवयानी पांढरीफटक पडली. मी ओरडलो, "सर! बँड म्हणजे तो बँड नाही! बँड म्हणजे लहरी!"

"काय?"

"लहरी!"

"लहरी आहातच तुम्ही! म्हणूनच म्हणतो, लहरी माणसाच्या हातात मी मुलगी देणार नाही!"

"अहो, हवेतल्या लहरी! त्यांची फ्रिक्वेन्सी नऊशे असते!"

"हवेतल्याच गप्पा मारताय!"

मी जितकं समजावत होतो तितका खोल रुतत होतो. ड्युअल म्हटलं की सर दोन बोटं दाखवून बँडकडे हात करत. शेवटी देवयानी पुढे झाली. तिने हरीशला सांगून दोन्ही बँड थांबवले, माझ्या खिशातून माझा फोन काढला आणि सरांसमोर धरला.

"बाबा, मोबाइलचा आवाज हवेतून येतो. ज्या लहरींवरून येतो, त्यांच्या पट्ट्याला इंग्रजीत बँड म्हणतात. तुमच्या फोनमध्ये इथला पट्टा आहे का, एवढंच याला विचारायचं होतं. नऊशे-अठराशे ही त्या पट्ट्यांची नावं आहेत. वरात नको आहे याला. याला नाचता येत नाही, बाबा."

सर फोनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग घागरेवाल्यांकडे. कपाळावरची आठी हळूहळू उतरली.

"मग मराठीत लहरपट्टा म्हणायला तुमची जीभ झडली होती का?" ते म्हणाले. "सरळ मातृभाषेत विचारलं असतंत, तर मी पंधरा दिवस उपाशी राहिलो नसतो!"

"चुकलं सर. यापुढे लहरपट्टाच म्हणेन!"

"आणि सर नाही, बाबा म्हणा."

बाबा! मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. देवयानी तर रडलीच. हरीशला राहवलं नाही, त्याने पुन्हा हात वर केला आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच दोन्ही बँड एकाच चालीवर सुरू झाले. खोटं नाही सांगत, सरांचा उजवा बूट ताल धरत होता. मी बघितलं तसा त्यांनी तो सामानाच्या गाडीमागे लपवला.

मग पिवळ्या जाकिटवाल्याने आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. ट्रकशेजारी उभं राहून सर हसत म्हणाले, "अहो जावईबापू, एवढं रामायण ज्याच्यासाठी झालं तो फोन तरी बघा! आणलाय मी." त्यांनी हातातली पिशवी उघडली, फोनभोवती गुंडाळलेला पंचा सोडला आणि अगदी जपून फोन माझ्या तळहातावर ठेवला.

तो कॉर्डलेस होता.

घरातल्या लँडलाइनचा, बिनवायरचा! पलंगावरून उचलून स्वयंपाकघरात न्यायचा असतो, तो! त्याचं खालचं खोकं, ज्याच्यावाचून तो फोन म्हणजे निव्वळ प्लॅस्टिक, ते सांगलीत शोकेसवर बसलं होतं.

"उत्तम चालतो," सर म्हणाले. "बिनवायरचा आहे, कुठेही न्या. गच्चीवरसुद्धा आवाज स्वच्छ येतो. पाहा बरं तुमचा लहरपट्टा. चालेल ना इथे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आशालताबाई बघत होत्या. हरीश बघत होता. घागरेवाला म्होरक्याही मान वाकवून बघत होता. देवयानी सरांच्या मागे उभी राहून दोन्ही हात जोडत होती. ती नक्की कशासाठी हात जोडतेय, हे मला कळेना. खरं सांग म्हणून, की सांगू नको म्हणून? माझं लग्न मोडून परत जुळल्याला जेमतेम पाच मिनिटं झाली होती. पंधरा दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला मी पुन्हा काय समजावणार होतो?

मी डोळे बारीक केले. फोन उलटसुलट करून पाहिला.

"चालेल बाबा!" मी म्हटलं. "पळेल!"

लग्न साधेपणाने झालं. सगळी मंडळी फ्लॉवर जेवली. सर तीन महिने आमच्याकडे राहिले. रोज सकाळी अंगात स्वेटर, डोक्यात माकडटोपी आणि वरच्या खिशात कॉर्डलेस घेऊन ते फिरायला जात. बागेत गेल्यावर तो कानाला लावत, थोडा वेळ ऐकत आणि परत खिशात ठेवत. घरी आले की मला विचारत आणि मी रोज नवं कारण देई. आज वारा फार आहे. आज टॉवरची साफसफाई आहे. आज लहरपट्टा ओला आहे.

शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे दहा-बारा मराठी कुटुंबं जेवायला आली होती. तीच मंडळी, जी मला डाळीच्या पोत्यापाशी गाठून फोन दाखवायची. जेवण झाल्यावर सरांनी खिशातून कॉर्डलेस काढून टेबलावर ठेवला, माझ्या खांद्यावर मायेने हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे ऋतुराज म्हणजे माणूस हिरा आहे हो. पण फोनमधलं त्यांना फारसं कळत नाही. तुम्ही मंडळी दुसऱ्या कुणाला तरी विचारत जा."