सुदामभाऊंनी कार्ड लोडवर पाहिलं

आमचे शेजारी सुदामभाऊ कोणत्याही वस्तूला आधी पालथा हात लावतात. फ्रिज असो, मिक्सर असो, नाहीतर कुणाची नवी कोरी स्कूटर. जन्मभर कारखान्यात रोलिंग मिलची बेअरिंगं तापली का ते हात लावून पाहिलं. रिटायर होऊन वैशाली नगरात आले, तरी हात काही रिटायर झाला नाही. वरून म्हणतात, "रिकामी मशीन सगळ्यांचीच चांगली चालते, वयनी. लोडवर पाहा, लोडवर!"

मिक्सर घेताना घरून भिजवलेली चण्याची डाळ नेली आणि दुकानातच वाटून पाहिली. लेकीला, म्हणजे सोनलला, पाहायला एक पोरगा आला, तर त्याला टाकीत पाणी किती ते बघायला सारखं गच्चीवर पाठवलं. शेवटी धापा टाकत उतरला, तेव्हा त्याच्या कपाळाला पालथा हात! "लवकर तापते," म्हणाले. संबंध तिथंच मोडला. सोनल अजून आभार मानते. ती आता बंगळूरला नोकरी करते. बायको शांताबाई गेल्यापासून इकडे भाऊजी एकटेच.

तर हे बापलेक दर रविवारी सकाळी कॉम्प्युटरवर ट्रक चालवतात. खेळच तो. ती तिकडून, हे इकडून, रस्ता एकच. मी तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे करून नेते आणि पाहत बसते. मजा येते हो! पण भाऊजींचं मशीन जुनं. नदीवरचा पूल आला की चित्र गपकन थांबायचं, कॉम्प्युटरचा डबा भट्टीसारखा तापायचा. मग सोनल पुलापलीकडे आपला ट्रक उभा करायची. स्पीकरमधून आवाज यायचा, "थांबली मी, बाबा. मावशीने फरे आणले का? दाढ कशी आहे?" मग तिच्या ऑफिसच्या कहाण्या, यांची भाजी कशी खारट झाली ते. मला मेलीला त्या अडकलेल्या ट्रकचाच घोर!

"भाऊजी, ते कार्ड का काय म्हणता ना, बदलून टाका एकदाचं."

सोनलही मागे लागली, "बाबा, नया ग्राफिक्स कार्ड ले लो ना."

"पैसे वसूल होतीन का पण? एवढ्यात दुभती म्हैस येते."

"म्हैस पूल पार करून देते का?" मी म्हटलं.

शेवटी सुपेला बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानेच हात टेकले. "अंकल, हफ्ता भर चला के देख लो. नहीं जमा तो वापस."

रविवारी मी हळदीकुंकू घेऊनच गेले. आणि बाई गं, काय ते चित्र! रस्त्यावरच्या डबक्यात ढग दिसत होते. ट्रकच्या काचेवर धूळ दिसली, तर मी पुसायला पदर पुढे केला. पूल आला. मी श्वास रोखला. गाडी सुर्रकन पार! मी टाळ्या पिटल्या. तिकडून सोनल ओरडली, "बाबा, क्या बात है! लेफ्ट घ्या. आता ओव्हरटेक!" घाट गेला, जंगल गेलं, शहर आलं. "पोहोचलो बाबा! मस्त. चला, बाय!"

फरे अजून गरम होते.

भाऊजींनी डब्याला पालथा हात लावला. "थंड हाये," म्हणाले. हात बराच वेळ तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी पाहते तर कार्ड खोक्यात, खोकं पिशवीत आणि भाऊजी फाटकाबाहेर. मी चपला अडकवून मागे धावले.

"कावून जी भाऊजी, पागल झाले का? एवढं चांगलं चालून राहिलं!"

ते तडक दुकानात शिरले आणि खोकं काउंटरवर ठेवलं. दुकानदारही चक्रावला. "अंकल, खराबी क्या है?"

"खराबी कुछ नहीं, भैया," भाऊजी म्हणाले. "रुकता ही नहीं."

पुढच्या रविवारी मी फुगूनच फरे नेले. पूल आला. चित्र गपकन थांबलं. माझ्या तोंडात 'अरे देवा' आलंच होतं. पाहते तर भाऊजी खुर्चीला रेलून, पाय लांब करून बसलेले. कीबोर्ड बाजूला सारला होता, फऱ्यांची ताटली जवळ ओढली होती.

"थांबली मी, बाबा," स्पीकरमधून आवाज आला. "बोला. दाढ कशी आहे?"

"ठणकून राहिली बेटा, लय ठणकून राहिली," म्हणत भाऊजींनी दुसरा फरा तोंडात टाकला.