नाचाची पाठवणी

बुधवारी क्लबमधून निघताना मन्मथ बिराजदारकडे चुकून दुसऱ्याच कुणाचा तरी नाच आला, आणि हे त्याच्या लक्षात गुरुवारी सकाळी दात घासताना आलं.

त्याचा रूममेट अर्शद स्वयंपाकघरात पोहे परतत होता आणि मोबाइलवर गाणं लावलेलं होतं. एरवी ठेका सुरू झाला की मन्मथचा डावा खांदा आधी पडायचा, मग दोन्ही कोपरं बाहेर निघायची. त्या सकाळी खांदा जागचा हलला नाही. त्याऐवजी कमरेत एक छोटीशी, मोजकी लाट आली, हनुवटी किंचित वर झाली आणि पोट आत गेलं. तोंडातला फेस ओठाबाहेर आला नाही.

अर्शद झारा हातात घेऊन दारात आला. थोडा वेळ बघून म्हणाला, "हा तुझा नाही."

"नाही ना?"

"छे. तुझ्यात भांडी पडतात."

पुण्यात विद्यार्थ्यांच्या गर्दीत असं होतं. 'बेसमेंट' नावाचा तो क्लब बाणेरला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. दर बुधवारी तिथं कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं की आत सोडत. शेवटच्या गाण्याला दिवे बंद होत, सगळे एकमेकांना चिकटून नाचत, आणि दिवे लागले की जो तो हाताला लागेल ते घेऊन लिफ्टकडे पळे. लिफ्टशेजारी पाटीच होती: 'निघताना आपला मोबाइल, पाकीट व नाच तपासून घ्यावा. नंतर तक्रार चालणार नाही.' बहुतेकांना काही फरक पडत नसे, कारण बहुतेकांचे नाच सारखेच असत. कुणाचा कुणाकडे गेला तरी घरी कुणी ओळखत नसे.

मन्मथचा नाच मात्र ओळखू येणारा होता. शिवाय तो त्याचा नव्हता. तो त्याच्या बसवंतमामाचा होता.

बसवंतमामाचं उदगीरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. दुकान बरं चालायचं, पण गावात त्यांची ओळख नाचामुळं होती. गल्लीतली एकही वरात त्यांच्याशिवाय पुढं सरकली नव्हती. मागच्या दिवाळीत गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी नाचायला कायमची मनाई केली. मामांनी भाऊबीजेच्या दुपारी सगळ्यांना समोर बसवलं, मन्मथला जवळ घेतलं आणि नाच त्याच्या स्वाधीन केला. म्हणाले, "जपून वापर. पोरीच्या हळदीला मला खुर्चीवरनं बघायचाय." मामांची पोर म्हणजे शिवलीला. तिचं लग्न आता तोंडावर आलं होतं.

असा नाच घेऊन आपण क्लबात गेलोच कशाला, या प्रश्नाचं मन्मथकडे उत्तर होतं, पण ते मामांना सांगण्यासारखं नव्हतं. संख्याशास्त्राच्या वर्गातल्या पोरांनी चल म्हटलं, आणि हा गेला.

दुपारी तो क्लबवर गेला. दिवसा ती जागा एखाद्या बंद पडलेल्या बँकेसारखी दिसत होती. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या आणि फिनेलचा वास सुटला होता. मॅनेजर कुंदन शिर्के एसीचा पत्रा उघडून आत बघत होता.

"पाटी वाचली नाही का?" तो मान न वळवता म्हणाला.

"वाचली. पण नाच मामांचा आहे. घरात लग्न आहे."

लग्न म्हटल्यावर शिर्के वळला. "वर्णन सांगा."

"डावा खांदा आधी. मग कोपरं. चार पावलं पुढं, दोन मागं. शेवटी एक गुडघा जमिनीला टेकतो आणि रुमाल दातात."

"रुमाल तुमचा की नाचाचा?"

"नाचाचा."

"आणि तुमच्याकडे काय आलंय ते दाखवा."

मन्मथनं दाखवलं. शिर्केनं पहिल्या लाटेलाच हात वर केला. "बास. ही एकाच फरशीवर नाचणारी मुलगी. लॉ कॉलेजची आहे, खांबाजवळ असते. हातात ग्लास घेऊन नाचते, कधी सांडत नाही. सगळ्यात नीटनेटका नाच आहे हा आमच्याकडचा. जपून ठेवा. नंबर देता येणार नाही. पुढच्या बुधवारी या."

पुढच्या बुधवारी मन्मथला ती मुलगी दिसण्याआधी मामांचा नाच दिसला. हॉलच्या मधोमध मोकळं रिंगण पडलं होतं आणि त्यात दोन कोपरं गरगर फिरत होती. लोक शिट्ट्या मारत होते. खाली कपाळाला घामानं केस चिकटलेली एक मुलगी होती आणि तिच्या दातांत रुमाल होता. मन्मथला आधी राग आला, मग उगाचच अभिमान वाटला, आणि मग पुन्हा राग आला.

गाणं संपल्यावर तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. "हा नाच माझ्याकडचा आहे."

तिनं त्याच्या उभं राहण्याकडे बघितलं. पोट आत, हनुवटी वर. "अगं बाई," ती म्हणाली. "आणि तो माझा."

तिचं नाव ऋजुता गोडबोले. दोघं बाहेर जिन्यात येऊन बसले. तिनं प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. तो नाच तिनं नववीत असताना आरशासमोर उभं राहून बसवला होता. कुठून बघितलं तर कसं दिसेल, याचा सगळा विचार त्यात केलेला होता.

"छान दिसतो," मन्मथ म्हणाला. "सगळे म्हणतात. पण पोट दुखतं."

"तुलाही? मला वाटायचं माझ्यातच काहीतरी आहे."

शेवटच्या गाण्याला त्यांनी अदलाबदल करायचं ठरवलं. हॉलच्या मधोमध समोरासमोर उभे राहिले. दिवे गेले, गर्दी आत दाबली गेली, कुणाचं तरी कोपर मन्मथच्या बरगडीत बसलं. दिवे लागले तेव्हा मन्मथचं पोट आतच होतं.

"नाही आला," तो म्हणाला.

ऋजुता खाली बघत होती. "मी सोडलाच नाही," ती म्हणाली. "सोडणार होते. ऐन वेळी नाही सोडवला. सॉरी."

मन्मथनं आवाज चढवला नाही. तसा त्याचा स्वभाव नव्हता. लिफ्टची वाट बघता बघता त्यानं तिला मामांचे गुडघे, भाऊबीज, खुर्ची, शिवलीलाची हळद असं सगळं सांगितलं. लिफ्ट आली आणि भरून गेली. ते तिथंच उभे होते.

"म्हणजे हळदीला नाच तिथं असायला हवा," ऋजुता म्हणाली.

"हो."

"तो कुणाच्या अंगात असावा, असं काही बोलले होते मामा?"

मन्मथनं आठवून बघितलं. "तसं नाही बोलले."

"मग मी येते उदगीरला."

दुसऱ्या दिवशी त्यानं आईला फोन केला. एक मुलगी बरोबर येते आहे, तिच्याकडे मामांचा नाच आहे, क्लबमध्ये बदलला, असं एका दमात सांगून टाकलं.

"क्लबात?" आई म्हणाली. "तू क्लबात कशाला गेलतास?"

"आई, नाच बदललाय."

"नाचाचं ऐकलं मी. क्लबात काय काय असतंय?"

"काही नसतं. अंधार असतो."

आईनं पलीकडं कुकरची शिट्टी होऊ दिली. मग म्हणाली, "पोरगी तिखट खाती का?"

मामांना मात्र दोघांपैकी कुणीच काही सांगितलं नाही.

हळदीच्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर गल्लीत बँड आला. मामा दारापुढं खुर्ची टाकून बसले होते, पायांवर शाल, शेजारी काठी. आल्यागेल्याला एकच सांगत होते, "थांबा जरा. मन्मथ नाचणार आहे." ऋजुता बायकांमध्ये उभी होती. तिला कुणीतरी गालांना हळद लावून मोकळं केलं होतं.

बँडवाल्यांनी मामांचं आवडतं गाणं धरलं आणि पोरांनी ओरडून मन्मथला मध्ये ढकललं. त्यानं ठरवलं होतं की आपण सुरुवात करायची, निदान खांदा तरी ओढूनताणून पाडायचा. खांदा पडला नाही. कमरेत लाट आली. हनुवटी वर झाली. गल्लीच्या मधोमध, एका फरशीएवढ्या जागेत, तो अत्यंत नीटनेटका नाचू लागला. पोरं हळूहळू मागं सरकली. बँडमधल्या डफवाल्यानं आवाज खाली आणला, जसा देवळाजवळून जाताना आणतात. एका म्हातारीनं मन्मथच्या आईला विचारलं, "पोराला बरं नाही का गं?"

मन्मथला मामांकडे बघवत नव्हतं, तरी त्यानं बघितलं. मामा पुढं वाकले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्त्यात चुकून आपलं घर ओलांडून पुढं गेलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून दोन कोपरं बाहेर आली.

ऋजुता चार पावलं पुढं आली, दोन मागं गेली. ओढणी कमरेला बांधलेली होती. पोरांना क्षणभर कळेना, आणि मग एकदम कळलं. "मामांचा! मामांचा हाय!" असा ओरडा झाला. डफवाला सावरला. गल्ली भरून गेली. मन्मथ कडेला सरकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

मामांनी काठी उचलून जमिनीवर आपटली. "डावा!" ते ओरडले. "बाई, आधी डावा खांदा टाक!"

बाईनं आधी डावा खांदा टाकला. गुडघा जमिनीला टेकला, रुमाल दातात गेला, आणि मामांनी खुर्चीच्या दांड्यावर हात मारला.

बँडवाले चहाला थांबले तेव्हा मामांनी दोघांना जवळ बोलावलं. मन्मथची मान खाली होती. मामांनी आधी ऋजुताला विचारलं, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेव. मग बोलू."

"आधी बोलू द्या ना," ती म्हणाली. "नाच माझ्याकडे चुकून आला. मन्मथनं मागितला तेव्हा मी दिला नाही, त्यात त्याची चूक नाही. आज मी सोडते. खरंच सोडते. तुम्ही सांगाल तेव्हा."

मामांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पत्र्याच्या शेडखाली जेवणाची पंगत बसत होती, वाढप्यांचा आरडाओरडा चालला होता.

"मन्मथ," ते म्हणाले. "दिवाळीपासून तू दोनदा नाचलास माझ्यापुढं. दोन्ही वेळा माझ्याकडं बघत नाचलास. जमतंय का, चुकतंय का. हो का नाही?"

"हो."

"ही कुणाकडंच बघत नव्हती. मी बोंबललो तवा खांदा टाकला, पण बघितलं न्हाई." त्यांनी नाक ओढलं. "नाच हिच्याकडं नांदायलाय, लेकरा. नांदत्या घरनं कुणी माघारी आणतं का?"

मन्मथला वाईट वाटलं. पण त्याच वेळी दोन्ही खांद्यांवरून कुणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखंही वाटलं, आणि यातलं आधी काय वाटलं हे त्याला सांगता आलं नसतं. तो एवढंच म्हणाला, "मग मी काय नाचू?"

"हिचा ठेव की. तेवढा ताठ नको नाचू फक्त. दवाखान्यात रांगेत उभारल्यावानी दिसायलास."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि संध्याकाळी पाठवणी झाली. शिवलीलाची झाली आणि नाचाचीही झाली, कारण घरातून काही जात असेल तर रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, असं मामींचं म्हणणं पडलं. त्यांनी ऋजुताला पाटावर बसवून खणानारळानं ओटी भरली. मामांनी तिला सांगितलं, त्याला पावसात फार भिजवू नको, उपाशी नाचवू नको, आणि डीजेपुढं नाचलं तरी चालतंय, पण अधूनमधून बँड ऐकव. ऋजुतानं सगळं नीट ऐकून घेतलं. मामा दोन्ही वेळा रडले. कोणत्या वेळी जास्त, ते कुणी विचारलं नाही.

पुण्यात कॉलेजं पुन्हा सुरू झाली. मन्मथ बुधवारी खांबाजवळच्या फरशीवर नाचू लागला. काही दिवसांत त्याला दोन फरश्या लागायला लागल्या, मग तीन. एका बुधवारी त्यानं पोट सोडलं आणि कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. शिर्के एकदा जवळ येऊन म्हणाला की नाचाची मूळ शिस्त बिघडते आहे. मन्मथनं त्याला सांगितलं की होय, बिघडते आहे.

श्रावण लागला तसा मामांचा फोन आला. पंचमी जवळ आली होती, पहिलीच पंचमी होती. शिवलीलाला आणायला तिचा भाऊ जाणार होता. नाचाला आणायला कोण जाणार?

म्हणून रविवारी सकाळी मन्मथ धुतलेला शर्ट घालून, मामींनी धाडलेल्या लाडवांचा डबा घेऊन कोथरूडला गोडबोल्यांच्या फ्लॅटवर गेला. ऋजुता आत बॅग भरत होती. तिच्या आईनं त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, चहा ठेवला. डबा तिनं उघडून बघितला आणि झाकण लावून आत नेला. मग समोर येऊन बसली.

"पंचमीपुरतं ना?" तिनं विचारलं.

"हो. मामा म्हणाले, आठवडाभर तरी राहू द्या."

"आठवडा नको बाई. चार दिवसांत आणून सोडा." तिनं पदरानं कपाळ पुसलं. तेवढ्यात आतून बॅग ओढल्याचा आवाज आला, तसा तिनं आवाज खाली आणला. "पूर्वी ही घरात कशी वावरायची, ते कळायचंसुद्धा नाही. आता सकाळी भांडी पडतात, खालचे लोक वर येतात, ह्यांचा पेपर वाचून होत नाही. पण दोन दिवस ही परीक्षेला बाहेरगावी गेली होती ना, तेव्हा आम्हाला घर खायला उठलं होतं. तुमच्याकडे पोचलात की फोन करा. आणि तिकडे त्याला कुणी काही चुकतंय म्हणून बोलू नका. इथे त्याला कुणी बोलत नाही."

"नाही बोलणार," मन्मथ म्हणाला, आणि बॅग उचलायला उठला.