चौदा चुण्यांचा तंबू

साडूचा तळ्याकाठचा फोटो आला तेव्हा मास्तर दातांत चार हूक धरून दुकानातल्या स्टुलावर उभे होते. पडदे शिवणाऱ्या माणसाचं तोंड कामाच्या वेळी बंद असतं, हा त्यांच्या बायकोच्या संसारातला मोठाच विसावा होता. तिने खालून फोन वर धरला.

"बघा. माणसं कशी जगतात बघा."

मास्तरांनी पाहिलं. मागे पांढराशुभ्र तंबू, आत पलंग, पुढे लाकडी धक्का आणि धक्क्यावर साडू. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय तळ्याच्या पाण्यात, शेजारी एक निळी बॅग. खाली लिहिलं होतं, 'थोडं स्वतःसाठी.'

मास्तरांनी आधी हूक तोंडातून काढले, नाहीतर एखादा गिळलाच असता. "तंबूत राहायला काय अक्कल लागते?"

"याला ग्लॅम्पिंग म्हणतात. नावाला तंबू, पण गादी, दिवे, गरम पाणी, सगळं असतं."

"मग घरी काय वाईट होतं त्याला?"

म्हणाले खरे, पण पोटात जे दुखायचं ते दुखलंच. दोघांची लग्नं एकाच वर्षी झाली होती, आणि तेव्हापासून मास्तर कायम साडूच्या अर्धं पाऊल मागे. साडूने स्कूटर घेतली, मग मास्तरांनी घेतली. साडूला चष्मा लागला, तर मास्तर उगाचच डोळे तपासून आले. डॉक्टरांनी नंबर नाही म्हटल्यावर दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. पाणी शुद्ध करायची मशिनं दुरुस्त करत गावभर हिंडणारा हा माणूस, आणि आपली बायको त्याचा फोटो दाखवून म्हणते, माणसं कशी जगतात! हे वाक्य तिने एकदा, फक्त एकदाच, आपल्याबद्दल म्हणावं, एवढंच मास्तरांना हवं होतं.

दुपारी दुकानात त्यांनी तोच फोटो मोठा करून पाहिला. दुसऱ्या कुणी तळं पाहिलं असतं. मास्तरांनी तंबूच्या दाराचा पडदा पाहिला आणि चुण्या मोजल्या. अकरा. म्हणजे दार साडेचार फूट, म्हणजे तंबू फार तर दहा फुटी. दाराच्या कोपऱ्यात तंबूचा नंबर होता, सात. मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या मॅनेजरला फोन लावला.

"सात नंबरपेक्षा मोठा तंबू आहे का?"

"एक नंबर आहे. पाण्याला अगदी लागून. पण देता येत नाही साहेब, वाऱ्याने दाराचा पडदा फाटलाय. नवा यायला महिना लागेल."

"किती चुण्यांचा होता?"

"काय?"

"राहू द्या. दाराचं माप सांगा. पडदा मी घेऊन येतो."

मापावरून चौदा चुण्या बसत होत्या. साडूपेक्षा तीन जास्त! आता अडचण कापडाची. दुकानात तेवढं एकच देखणं कापड होतं, समुद्री निळं, अंगावर बारीक चमक असलेलं, आणि ते दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यासाठी स्वतः निवडून दिलं होतं. मास्तर पाच मिनिटं प्रामाणिक राहिले. मग म्हणाले, "दोन दिवस लावू, सोमवारी काढून त्यांना देऊ. पडद्याला काय कळतंय?"

शनिवारी दोघं तळ्यावर पोचली. बायकोने नवी चप्पल घातली होती आणि वाटभर गुणगुणत होती. मास्तरांनी मात्र गाडीतून आधी हातमशीन उतरवलं.

"अहो, हे कशाला?"

"टीप उसवली तर? फोटोत दिसतं."

पडदा लागला आणि एक नंबरचा तंबू असा उठून दिसायला लागला की मास्तरांनी स्वतःच दोनदा मागे जाऊन पाहिलं. एवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाई.

"मास्तर, माझे पडदे कुठवर आले?"

"एक वाऱ्यावर टांगून बघतोय बाई, झोळ कसा पडतो ते."

"वा, इतकं कुणी करत नाही हल्ली. करा सावकाश."

मास्तरांनी घाम पुसला आणि बायकोला हाक मारली, "चल, धक्क्यावर बसू, फोटो काढू." पण तेवढ्यात मॅनेजर धावत आला.

"साहेब, घोळ झाला. दोन नंबरच्या बाई म्हणतात, आम्हालाही असाच पडदा पाहिजे. तीन नंबरवाले म्हणतात, आमच्यावर अन्याय झाला. पाच नंबरच्या नवराबायकोचं तर यावरून भांडण लागलंय. तुमचा पडदा उतरवा, नाहीतर त्यांच्या पडद्यांचं काहीतरी करा."

दुसऱ्याचं पोट आपल्यामुळे दुखतंय, हे सुख मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. ते ऐटीत दोन नंबरकडे गेले. पडदा हातात घेतला आणि कळवळले. "याला चुण्या म्हणतात? या सुरकुत्या आहेत. आणा मशीन."

दोन झाला, तीन झाला. पाच नंबरचा लावल्यावर नवराबायको पुन्हा बोलायला लागली. सहा नंबरच्या आजोबांनी चादरही पुढे केली, तिची किनार मारून घेतली. बायको अधूनमधून येऊन म्हणायची, "अहो, चला ना." मास्तर दातांतल्या हुकांमधून म्हणायचे, "हं." ऊन उतरलं तेव्हा ते सात नंबरच्या दारात स्टुलावर चढले होते. साडूचा तंबू! याच्या चुण्या आपण सुधारणार, म्हणजे सूडच की.

"इथे आमचे साडू उतरले होते," मास्तर हूक काढून, फोनमधला फोटो दाखवत सहज म्हणाले. "मागच्याच आठवड्यात."

मॅनेजर विचारात पडला. "सात नंबर तर महिनाभर रिकामाच आहे. कोण हो? ते निळ्या बॅगवाले? ते आमचं पाण्याचं मशीन दुरुस्त करायला आले होते. बॅगेत पाना-पक्कड, नळ्या. काम झाल्यावर थोडा वेळ बसले धक्क्यावर, आणि गेले."

मास्तर स्टुलावरून जवळजवळ उडी मारूनच उतरले. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं होतं. बायको धक्क्यावर एकटीच बसली होती, तिच्याकडे ते धापा टाकत गेले.

"अगं, ऐकलंस? तो राहिलाच नव्हता इथे. कामाला आला होता, कामाला!"

"माहीत आहे."

"काय?"

"ताईने त्याच दिवशी सांगितलं होतं."

"आणि तरी तू मला म्हणालीस, माणसं कशी जगतात बघा?"

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मानेला मापपट्टी, शर्टाला दोरे, हातात अजून एक हूक. "मी तुम्हाला तंबू नव्हता दाखवला. त्याचे पाय दाखवले होते. कामाला गेलेला माणूस, पण दहा मिनिटं पाण्यात पाय सोडून बसला. तुम्ही सुट्टीला आलात आणि सकाळपासून तळ्याकडे पाठ करून स्टुलावर आहात. तळं कुठल्या बाजूला आहे ते तरी माहीत आहे का?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. तळं खरंच होतं, आणि बरंच मोठं होतं. पाण्यात चौदा चुण्यांच्या निळ्या पडद्याचं प्रतिबिंब हलत होतं. एक नंबर, तीन चुण्या जास्त, सगळं करूनही साडूच पुढे राहिला होता, आणि यावेळी मात्र त्यांना त्याचा राग येण्याऐवजी स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी हूक खिशात टाकला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बायकोशेजारी बसून पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. मग मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढून फळीवर नीट समोर ठेवलं.

"हे कशाला?"

"किती वेळ बसला होता म्हणालीस तो?"

"दहा मिनिटं."

"मग मी अकरा बसतो."

बायकोने कपाळावर हात मारला, घड्याळ उचलून पर्समध्ये टाकलं आणि स्वतःची नवी चप्पल काढून पाय पाण्यात सोडले. मास्तर मनातल्या मनात मोजायला लागले.