बायजाक्का आणि मरीआईचा गाडा

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि शुद्धलेखन चौथीत शाळा सुटली तिथेच राहिलं. सांभाळून घ्या. पण बायजाक्काबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही.

बायजाक्का रस्त्यावरचा कचरा ज्याचा त्याला नेऊन द्यायची. केळीचं साल ताटलीत ठेवून दार वाजवायची. "घ्या, तुमचं विसरलं व्हतं." कोणी पान थुंकलं तर राखेचं घमेलं घेऊन मागे जायची आणि त्याच्याच हातून वर राख टाकून घ्यायची. एकटी विधवा, भाजी विकणारी. पण तिला बघून पैलवानसुद्धा तोंडातलं पान गिळायचे.

दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात नाशकात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. पाणी उकळा, लस टोचून घ्या, असं म्युनिसिपालटीचे लोक सांगून गेले. आमच्या गल्लीने काय केलं, तर वर्गणी काढून मरीआईचा गाडा बनवला. हातगाडीएवढा, वर लिंबं, बांगड्या, दहीभात. रोगाला त्यात बसवून शिवेबाहेर सोडायचं. गावाला शीव असते, शहरात कुठली? आमच्या लोकांनी गाडा नाल्यापलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी सोडला. दुपारी तिकडच्यांनी तो परत आमच्याकडे लोटला. हात लावायची भीती, म्हणून बांबूने ढकलायचे. चार दिवस हेच. दहीभात रस्ताभर सांडला, त्यावर माशा, आणि त्याच माशा आमच्या ताटात.

"मरीआई कशाला पायजे? ह्येच पुरे हायेत," बायजाक्का म्हणायची.

पाचव्या दिवशी माझी पाच वर्षांची सुमन जुलाबांनी गळून गेली. डोळे खोल गेले. हे कामावर. तिला उचलून बाहेर आले, तर गल्लीच्या तोंडाशी दोन्हीकडचे पुरुष बांबू घेऊन भिडलेले, मधोमध गाडा. टांगेवाला लांबूनच वळला. मला जन्मात मोठ्याने बोलता आलं नाही. "जाऊ द्या" एवढंच म्हणाले, तेही ओठातल्या ओठात.

बायजाक्काने ते पाहिलं.

"लाज हाय का नाय रे? पोरगी चाललीया!"

तिने गाड्यावरचं सगळं खाली ओतलं, सुमनला आत निजवलं आणि दांडी धरून पळत सुटली. गाड्याचा स्पर्श नको म्हणून सगळे शूरवीर भिंतीला चिकटले. थेट सिव्हिलपर्यंत तिने तो ओढला. सलाईनच्या बाटल्या चढल्या. दुसऱ्या दिवशी सुमनने पाणी मागितलं.

आम्ही घरी आलो तर गल्लीत बैठक. बाईने गाडा बाटवला, वर्गणीचे साठ रुपये भरावेत. नळाजवळची घाण उचलायला ज्या गल्लीत एक माणूस मिळत नव्हता, तिथे बाईकडून पैसे घ्यायला अकरा मिळाले! आजही अंगाची आग होते. मी तेव्हाही दाराआड उभी होते, त्याने जास्त होते.

साठवलेले आठ रुपये मी चोरून तिच्याकडे नेले. तिने माझी मूठ परत मिटवली. "पोरीला अंडी खाऊ घाल."

दर आठवड्याला पाच रुपये ती भरत गेली. दिवाळीच्या तोंडावर शेवटची नोट तिने त्या अकरांसमोर ठेवली.

"फिटले ना समदे? मग गाडा माझा."

"आता या वयात गाडा कशाला गं आक्का?" एकजण हसला.

"दारात ठेवीन," ती म्हणाली. "पोरं बसाया येतील. नायतर माझ्याकडं कोण येतंय?"

त्यांनी नोट उचलली आणि हिशेब पुरा झाल्याचं सांगितलं.